तारीख नसलेला दस्ता

काट्यावर तीन किलो दोनशे साठ ग्रॅम आलं आणि रमण मेस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून ही चौथी खेप. जणू चौथ्यांदा काट्यावर ठेवली की बंदूक लाजून हलकी होणार होती! बुधवारचे अकरा वाजले होते. उद्या गुरुवारी दुपारी नेमबाजीच्या मैदानावर चाचणी, परवा अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, विमान. आणि अर्बाबने दिलेला आकडा होता तीन किलोच्या आत.

"अरे बाबा, ती बंदूक आहे, म्हैस नाही. उपाशी ठेवून वजन उतरायचं नाही तिचं," लेथवरून फेलिक्स ओरडला.

"तू तुझी नळी बघ."

"माझी नळी खलास झाली. तीन किलो नऊशेची बंदूक होती, सहाशे चाळीस ग्रॅम मी एकट्याने काढले. आता अजून एक केस जरी तासला ना, तर म्हाताऱ्याच्या तोंडावर फुटेल ती. उरलेलं तुझ्या लाकडातून काढ."

फेलिक्स वसईचा, रमण सावंतवाडीचा. आखातातल्या सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, खल्फान अर्बाबचं बंदुकांचं दुकान, आणि दुकानाच्या पाठीमागे या दोघांचं वर्कशॉप. लोखंड फेलिक्सकडे, लाकूड रमणकडे. सतरा वर्षं डोंगरातले म्हातारे आपापल्या बापाच्या बंदुका घेऊन यायचे आणि रमण त्यांना नवे दस्ते, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत जाणारं लाकडी अंग, करून द्यायचा. सरळ रेषेचं अक्रोड, त्यावर अळशीच्या तेलाचे बारा हात. माणसं दस्त्यावरून गाल फिरवून बघायची आणि खूश होऊन जायची.

ते दिवस सरले. आता कार्बनचे दस्ते येतात, काळे, गुळगुळीत, हातात घेतलं तर काही घेतलंय असं वाटत नाही. अर्बाबचा मोठा मुलगा माजिद वर्षभर बापाच्या मागे लागला होता, की लाकडाची खोली बंद करा, तिथे कार्बनचं शोरूम करू. म्हणजे रमणला घरी पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. रमणचं रेसिडेन्स कार्ड अठरा नोव्हेंबरला संपत होतं. ते वाढलं नाही तर बायको आणि मुलगी दोघींनाही त्याच्याबरोबर देश सोडावा लागणार. आणि मुलगी ज्ञानदा होती बारावीला. परीक्षेचा नंबर याच शाळेतून गेलेला. मध्येच गेली की वर्ष बुडालं.

म्हणून सप्टेंबरात माजिदने बापासमोर कार्बनचा दस्ता धरला, तेव्हा रमणच्या तोंडून निघून गेलं, "अर्बाब, मी लाकडात करून देतो. तीन किलोच्या आत. आणि नेम तसाच."

बोलून बसला शहाणा! अर्बाब हसले होते. म्हणाले, "करून दाखव. मग कार्डावर मी सही करतो, माजिद नाही."

आता अर्बाबचा हट्टही समजून घ्यायला हवा. वय एकाहत्तर, दोन वर्षांपूर्वी छाती उघडून झालेलं ऑपरेशन. इथे डोंगरातल्या जनावरांच्या शिकारीवर बंदी, ती पाळणारा माणूस. म्हणून रीतसर परवाने काढून ताजिकिस्तानात जाणार, एका मोठ्या शिंगाच्या रानबोकडासाठी. शेवटची शिकार. डॉक्टरने सांगितलेलं, चढावर ओझं नको. मग बरोबरचा माणूस घेईल की बंदूक! तर नाही. अर्बाबच्या घरात रीत अशी, की शिकारीची बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची नाही. ज्याची गोळी, त्याचंच ओझं. म्हणून बंदूक हलकी हवी.

आणि नेमही तसाच हवा. दोनशे मीटरवर तीन गोळ्या फिंजानाच्या तोंडाएवढ्या गोलात. फिंजान म्हणजे त्यांचा कहव्याचा बिनकानाचा इवलासा कप. कारण अर्बाब म्हणायचे, "जखमी होऊन पळालेलं जनावर माझ्या मानेवर बसतं, रमण. मेल्यावर मला त्याचा जाब विचारतील."

जड बंदूक खांद्याला बसते, श्वास घेतला तरी हलत नाही. हलकी बंदूक आपल्या छातीच्या ठोक्याबरोबर नाचते. हे कळायला कोणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. हातात धरणाऱ्या कुणालाही कळतं. रमणला तर चांगलंच कळत होतं, आणि तरी तो दोन्ही देतो म्हणून बसला होता.

"अजून दोनशे साठ ग्रॅम कुठून काढशील?" फेलिक्स मशीन बंद करून जवळ आला.

"मागचा भाग पोकळ करतो. आणि पुढे नळीखाली..."

"पुढे पण? रमण, पुढे हात लावू नको रे. ती जागा वाकली तर नळीला टेकेल. मग सगळा नेम बोंबलला."

"म्हायत असा माका," रमण खेकसला. रागावला की त्याची मालवणी बाहेर यायची.

एक वाजता दुकान बंद झालं. चारपर्यंत सुट्टी. रमण घरी आला तर बायकोने, जयवंतीने, पान वाढून ठेवलेलं. बांगड्याचं तिखलं होतं. एरवी दोनदा भात घेणारा माणूस, आज चार घास चिवडून बसला.

"जेवक नाय? बरा नाय झाला?"

"झाला बरा."

ज्ञानदा आतल्या टेबलावर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसली होती. बापाला बघून म्हणाली, "बाबा, आमचे प्रॅक्टिकल्स जानेवारीमध्ये फिक्स झाले. आणि लास्ट पेपर दोन एप्रिल. मग मी फ्री आहे. म्हणजे... मोकळी."

मराठी शब्द नंतर आठवून जोडायची तिची सवय होती. रमणला एरवी गंमत वाटायची. आज त्याला भडभडून आलं. मोरीत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं आणि उगाच दोन मिनिटं नळ चालू ठेवला.

जयवंती दारात येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "अवो, काय वाट्टेल ता करा. पण पोरीचा वर्ष बुडता नये. हात जोडतंय तुमका."

"करतंय," रमण म्हणाला.

चार वाजता तो वर्कशॉपला परतला आणि त्याने दस्ता नळीपासून सोडवून पाटावर घेतला. मागचा भाग त्याने आतून कोरला, वर लाकडाची चकती बसवली. हे काम त्याच्या रक्तातलं. वडील सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं करायचे. आंबे, सीताफळं, आतून पोकळ, पोरांना उचलायला हलकी. पण वडिलांचा एक नियम होता. लाकूड कोरलं की आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालायची आणि तीन आठवडे सावलीत टांगून ठेवायचं. कोरलेलं लाकूड लगेच शांत बसत नाही. आतला ताण सुटतो, ते हळूहळू वाकतं, पीळ घेतं. जे काय करायचं ते तीन आठवड्यांत करून मोकळं होतं. मग पुन्हा तासून सरळ करायचं आणि तेव्हा गिऱ्हाइकाला द्यायचं. सतरा वर्षं रमणने दिलेल्या एकेका दस्त्याच्या आत तारीख होती. इथे कुणी बघणारं नव्हतं, तरी होती.

मागून एकशे पन्नास ग्रॅम निघाले. राहिले एकशे दहा. ते पुढूनच काढायला हवे होते.

गोल पटाशी हातात घेऊन रमण कितीतरी वेळ बसून राहिला. तीन आठवडे कुठे होते? उद्या चाचणी. आज कोरलेलं लाकूड उद्या दुपारपर्यंत सरळच राहणार, ही त्याला खात्री होती. उद्या नेम फिंजानात बसणार. आणि त्यानंतर दहा दिवसांनी तिकडे, त्या कोरड्या थंडीत, समुद्रकाठच्या ओल्या हवेत कोरलेलं हे पातळ लाकूड काय करणार, तेही त्याला ठाऊक होतं. कदाचित नाही वाकणार, असं तो मनाशी म्हणाला. अक्रोड चांगलं आहे. कदाचित. छे! स्वतःलाच बनवत होता बिचारा, आणि बनतही नव्हता.

त्याने पटाशी लावली. पातळ, दुधाच्या सायीसारखी साल निघत गेली. लाकूड बोटाच्या जाडीचं झालं, मग अर्ध्या बोटाचं. साडेसहाला काट्यावर दोन किलो नऊशे पंचाण्णव आलं.

पेन्सिल कानावर होती. रमणने ती काढली, दस्त्याच्या आत टोक नेलं, आणि तसंच परत कानावर ठेवलं. तारीख घातली असती तर ती तिथे राहिली असती, आणि ज्याला हिशेब कळतो त्याला कळलं असतं की हे लाकूड एक दिवसाचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून बिनतारखेचा दस्ता बाहेर पडला.

"झालं?" फेलिक्सने विचारलं.

"झालं."

फेलिक्सने बंदूक उचलली, आत डोकावला आणि खाली ठेवली. जाताना एवढंच म्हणाला, "मी काही बघितलं नाही, बरं का. मला पण दोन पोरं आहेत."

गुरुवारी मैदानावर माजिदही आला होता, हातात तो कार्बनचा दस्ता मिरवत. रमणने अर्बाबसमोर नेहमीची परीक्षा केली. कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घातली आणि टोकापासून मागेपर्यंत सरकवत नेली. पट्टी कुठे अडली नाही. नळी मोकळी, म्हणजे नेम मोकळा. ही युक्ती त्यानेच अर्बाबना फार पूर्वी शिकवलेली होती, आणि अर्बाब ती प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःची म्हणून दाखवायचे.

अर्बाब आडवे झाले. पहिली गोळी. दुसरी. तिसरी. माजिदने दुर्बिणीतून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. तिन्ही भोकं फिंजानाच्या तोंडात मावली होती, वर बोटभर जागा शिल्लक.

"माशाल्ला!" म्हाताऱ्याने उठून रमणला मिठीच मारली. "दोन किलो नऊशे पंचाण्णव! ऐकलंस, माजिद? लाकूड आहे हे लाकूड!"

संध्याकाळी अर्बाबने कार्डाच्या अर्जावर सही केली. दोन वर्षं. जयवंतीने देवापुढे साखर ठेवली. ज्ञानदा म्हणाली, "बाबा, यू आर द बेस्ट," आणि रमणला वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं होईल.

पुढचे सोळा दिवस कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. लाकूड तासताना हात थांबायचा. मनातल्या मनात देवाला सांगायचा, बोकड दिसूच देऊ नको. बर्फ पडू दे, रस्ता बंद होऊ दे, म्हाताऱ्याला सर्दी होऊ दे. एकदा फोन करावा म्हणून त्याने अर्बाबचा नंबर काढला. फोन करून काय सांगणार होता? नेम तपासा म्हणून? मग अर्बाब विचारणार, का रे? त्याने फोन खिशात टाकला.

सतराव्या दिवशी अर्बाब आले. आले म्हणजे, माजिदने आणले. म्हातारा गाडीतून उतरला तो वाकलेला, आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली नव्हती. माजिद दुकानात जाऊन बापाच्या खुर्चीवर बसला. अर्बाब थेट मागे वर्कशॉपमध्ये आले आणि बंदूक रमणच्या पाटावर ठेवली.

"विकून टाक कुणाला तरी. चांगली बंदूक आहे. माझा हात खलास."

रमणने हातातली पटाशी खाली ठेवली. "काय झालं, अर्बाब?"

अर्बाब स्टुलावर बसले. मोडक्या हिंदीत, मध्ये मध्ये अरबीत, थांबत थांबत सांगत राहिले. बोकड म्हातारा होता, एवढी शिंगं. दोनशे मीटर, वारा नाही. बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला. गोळी खांद्याला लागायची ती मागच्या मांडीला लागली. जनावर तीन पायांवर कड्यापलीकडे गेलं. दोन दिवस माग काढला. आधी रक्त होतं, मग बर्फ पडला. "तिसऱ्या दिवशी माझी छाती भरून आली, त्यांनी मला उचलून खाली आणलं. रमण, ते अजून कुठेतरी तीन पायांवर उभं असेल."

मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "मैदानावर तू दाखवलंस, बंदूक सरळ आहे. म्हणजे हात वाकडा. मुलं म्हणतात, ज्याचा हात असा थरथरतो त्याने गाडी चालवायची नाही, दुकानही चालवायचं नाही. बरोबर बोलतात. मी किल्ली दिली. एक तारखेपासून माजिद बघेल सगळं."

रमणला आता काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त. कार्ड खिशात होतं, दोन वर्षांचं. म्हातारा स्वतःच दोष घेऊन बसलेला. गप्प बसला तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोरीचा शेवटचा पेपर दोन एप्रिलला होता, आणि जयवंतीचे जोडलेले हात त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

पण म्हातारा आपला हात मांडीवर उलटासुलटा करून बघत होता. मेलेल्या माणसाचा हात बघावा तसा. ते रमणला बघवेना.

त्याने खणातून कागदाची पट्टी काढली. बंदूक जवळ ओढली, पट्टी नळीच्या टोकाशी फटीत घातली आणि मागे सरकवायला लागला. वीतभर गेली. मग अडली.

अर्बाबनी मान वर केली.

रमणने पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः घातली. त्याच जागी अडली. दुसऱ्या बाजूने घातली, तिकडे सरळ गेली. लाकूड एका अंगाने नळीला टेकलेलं होतं.

"तिकडच्या थंडीने?" अर्बाबनी विचारलं. त्यांच्या आवाजात अजून रमणला वाचवायची धडपड होती, आणि त्यानेच रमणचा उरलासुरला धीर सुटला.

"थंडीने नाही, अर्बाब. माझ्यामुळे." त्याने स्क्रू सैल केले, दस्ता सोडवला आणि आतली बाजू त्यांच्यापुढे धरली. मग फळीवरचे दुरुस्तीला आलेले दोन जुने दस्ते काढून शेजारी ठेवले. "हे बघा. यात तारीख आहे, यातही आहे. मी प्रत्येकात घालतो. कोरल्यावर तीन आठवडे लाकूड ठेवावं लागतं. हे मी चाचणीच्या आदल्या दिवशी कोरलं. म्हणून यात तारीख घातली नाही."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी विमानात बसलो तेव्हा?"

"होतं, अर्बाब." आता तो रडायलाच लागला, पन्नाशीचा बाप्या, नाक पुसत. "तुमचा हात बरा होता. तुम्ही मारलीत ती गोळी बरोबर मारलीत. ते जनावर तुमच्या मानेवर नाही, माझ्या मानेवर आहे."

लेथ बंद झाला होता. फेलिक्स कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. अर्बाबनी खिडकीतला कहव्याचा थर्मास ओढला, एक फिंजान घेतलं आणि स्वतः ओतायला लागले. काठोकाठ ओतलं. मग ते फिंजान उचलून, हात लांब करून धरून ठेवलं. धरलं ते धरलंच. एक थेंब सांडला नाही.

त्यांचे डोळे भरून आले.

"माजिद!" त्यांनी अशी हाक दिली की पुढच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा दचकलं असेल. माजिद धावत आला. "गाडीची किल्ली. आणि माझ्या खुर्चीवरून ऊठ."

माजिद बापाकडे बघत राहिला, मग पाटावरच्या पट्टीकडे. किल्ली ठेवून निघून गेला.

अर्बाबनी किल्ली खिशात टाकली. रमण हात बांधून उभा होता. पासपोर्ट, सामान, शाळेत जाऊन काय सांगायचं, ज्ञानदाच्या तोंडाकडे कसं बघायचं, सगळं एकदम त्याच्या डोक्यात गरगरत होतं. त्याला आता फक्त तारीख ऐकायची होती.

"तुझ्या मुलीचा शेवटचा पेपर कधी?" अर्बाबनी विचारलं.

"दोन एप्रिल."

"तीन तारखेची तिकिटं काढ. तिघांची." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे तू त्यापुढे नकोस, रमण. त्याआधी तुला कोणी हात लावणार नाही."

रमणने मान हलवली. आभार मानायला तोंड उघडलं, पण ते कसले मानायचे तेच त्याला कळेना.

अर्बाब दारापर्यंत गेले आणि थांबले. "या बंदुकीला नवा दस्ता कर. लाकडाचाच."

"वजन किती ठेवू?"

"लागेल तेवढं ठेव. उचलीन मी."

ते गेल्यावर फेलिक्स जवळ आला, त्याने रमणच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि लेथकडे परत गेला. रमणने नाक पुसलं. फळीच्या मागून अक्रोडाचा एक जाड ठोकळा काढला, त्याच्यावरची धूळ फुंकली. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने त्याच्यावर त्या दिवसाची तारीख घातली.